मी नसताना हे कोण वाचणार? संगणकांचं जाळं सांभाळणाऱ्या साधनांचा इतिहास

(धनज, ता. कारंजा, जि. वाशिम येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



इथे येताना रस्त्यात एका जुन्या ओळखीच्या काकांनी विचारलं, "आज काय सांगणार?" म्हटलं, कंपनीतल्या संगणकांचं जाळं कसं सांभाळतात, त्यासाठी कोणती साधनं आली, कशी आली, त्याचा इतिहास. काका म्हणाले, "त्यापेक्षा सोयाबीनच्या भावावर बोल ना बाप्पा." सभागृह हसतंय म्हणजे तुमच्याही मनात तेच होतं.

पण थोडं थांबा. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. आज आपल्या विदर्भात अशा कंपन्या गावोगावी आहेत. त्यांच्या कार्यालयात बघा. एक संगणक बिलाला, एक वजनकाट्याला, एक गोदामाच्या नोंदीला, चौथ्यावर कॅमेऱ्यांचं चित्रण. मधे एक राउटर, कोपऱ्यात प्रिंटर. झालं की जाळं! आणि ते सांभाळतो कोण? गावातलाच एखादा पोरगा, ज्याला 'थोडं कळतं'. आजचं व्याख्यान त्या पोरासाठी आहे, आणि त्याच्यावर विसंबून असलेल्या बाकीच्यांसाठीही.

आधी प्रश्न नीट मांडू. चार संगणक असले की काहीही बदलायचं तर चालत जायचं, प्रत्येकासमोर बसायचं, काम करायचं. अर्धा तास. चाळीस असले की एक दिवस जातो आणि दोन-तीन मशीन विसरतात. चारशे झाले की चालत जाणं हा पर्यायच उरत नाही. मग माणूस काय करतो? आपण हाताने ज्या आज्ञा देतो त्या एका फाइलीत ओळीने लिहून ठेवतो आणि संगणकाला सांगतो, "हे वाच आणि कर." या लिहून ठेवलेल्या आज्ञांना म्हणायचं स्क्रिप्ट. नाटकाची संहिता असते ना, तशी. फरक एवढाच की इथला नट संहितेबाहेर एक शब्दही बोलत नाही आणि संहितेतली चूकही तितक्याच निष्ठेने करतो.

आता इतिहास. सुरुवात होते अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये, युनिक्स नावाच्या प्रणालीपासून. १९७३ मध्ये तिच्यात 'पाइप' आला. एका छोट्या प्रोग्रॅमने काढलेलं उत्तर सरळ दुसऱ्याच्या हातात द्यायचं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत बोर्न शेल आला. त्यात आज्ञा लिहिता येत होत्या, 'असं असेल तर तसं कर' म्हणता येत होतं. त्याच आवृत्तीत क्रॉन होता. क्रॉन म्हणजे पहारेकरी. रात्री दोन वाजता अमुक काम कर म्हटलं की तो दोनला करणार, तुम्ही झोपलेले असा नाहीतर लग्नाला गेलेले असा.

हे सगळं दूरदेशीचं वाटेल, पण महाराष्ट्रात ते फार लवकर आलं. मुंबईत जुहूला 'एनसीएसटी' ही संस्था १९८५ मध्ये उभी राहिली. डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत घेऊन 'अर्नेट' हे शिक्षण-संशोधनाचं जाळं सुरू केलं. त्या सुमारास जुहूची ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनीवरून ई-मेल जायला लागला. पद्धत अशी की निरोप साठवून ठेवायचे, ठरल्या वेळी एका संगणकाने दुसऱ्याला फोन लावायचा, निरोप द्यायचे-घ्यायचे, फोन ठेवायचा. त्या काळच्या टेलिफोनची अवस्था ज्येष्ठांना आठवत असेल. लाइन लागली नाही तर पुन्हा लावा, अर्ध्यात तुटली तर पुन्हा लावा. हे माणसाने रात्रभर जागून करायचं की लिहून ठेवलेल्या आज्ञांनी? तेव्हा जाळं सांभाळणं आणि स्क्रिप्ट लिहिणं ही जुळी भावंडं आहेत. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. त्याच्या नऊ-दहा वर्षं आधीची ही गोष्ट.

पुढे दोन मोठी नावं येतात, पर्ल आणि पायथन. दोन्ही जन्मल्या जाळं सांभाळण्याच्याच गरजेतून, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

लॅरी वॉल हा अमेरिकेतला माणूस. त्याच्या कामाचे संगणक देशाच्या दोन किनाऱ्यांवर होते, मधे अगदी संथ लाइन. दोन्हीकडच्या फाइलींचा मेळ ठेवायचा आणि त्यातून अहवाल काढायचे होते. जुनी साधनं अपुरी पडली म्हणून त्याने नवी भाषा केली. डिसेंबर १९८७ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. ती पर्ल. पुढे तोबियास ओटिकर या गृहस्थांनी १९९५ मध्ये पर्लमध्येच 'एमआरटीजी' लिहिलं, लाइनीवरून किती माल गेला याचा आलेख काढणारं. त्यांच्या संस्थेला बाहेर जायला एकच ६४ किलोबिटची लाइन होती. ती कशाने तुंबते ते सगळ्यांना दिसावं एवढाच हेतू. पुढे असे आलेख जगभरच्या कार्यालयांत भिंतीवर लागले.

दुसरे गुइडो व्हान रॉसम, ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेतले. तिथे 'अमीबा' नावाची प्रणाली होती, अनेक संगणक मिळून एक असल्यासारखे चालवणारी. तिची व्यवस्था बघायला शेल कमी पडत होता आणि सी भाषेत प्रत्येक गोष्ट लिहिणं फार लांबण लावणारं होतं. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत त्यांनी मधली वाट काढायला घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये ती बाहेर आली. ती पायथन.

आता यातला फरक मी पुस्तकातून शिकलो नाही. ठेच लागून शिकलो, तेवढं सांगतो.

पुण्यात एका कंपनीत मी जाळं सांभाळायचो. दोनशेवर संगणक. तिथे मी पर्लमध्ये दीडशे ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली होती. रोज रात्री हिशेब विभागाचा डेटा दुसऱ्या मशीनवर उतरवून ठेवणारी. तिचा मला अभिमान होता. एकेका ओळीत तीन-तीन कामं! काही बिघडलं तर क्रॉनने मला मेल पाठवायचा, अशी सोयही होती. काही वर्षांनी मी नोकरी बदलली. रीतीप्रमाणे माझा मेलचा खाता बंद झाला. त्यानंतर केव्हातरी सर्व्हरचा पासवर्ड बदलला. स्क्रिप्टला आत जाता येईना. ती रोज रात्री इमानेइतबारे ओरडत होती आणि तिचं ओरडणं बंद पडलेल्या पत्त्यावर जात होतं. चार महिने. मग एक दिवस मूळ डिस्क गेली.

मला फोन आला. माझ्या जागी आलेला मुलगा होता, बिचारा रडकुंडीला आलेला. "सर, बॅकअप सापडत नाही. आणि ही अठ्ठेचाळिसावी ओळ काय करते?" त्याने ओळ वाचून दाखवली. मंडळी, मी लिहिलेली ओळ मलाच वाचता आली नाही.

हिशेब विभागातल्या एका बाईंनी कागदी व्हाउचरं काढून चार महिन्यांचा हिशेब पुन्हा टाइप केला. मी त्यांना ओळखत होतो. रोज डब्यातली चटणी द्यायच्या. त्यांना नंतर भेटायचं धाडस मला झालं नाही. पासवर्ड बदलणाऱ्याची चूक होती, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ती चूक माझी होती. मी एक काम स्वतःच्या डोक्यात ठेवून निघून आलो होतो.

आता एक हात वर करायला सांगतो. किती जणांच्या घरी मोडीतले जुने कागद आहेत? पेटीत, माळ्यावर, कापडात बांधलेले? ... आठ, दहा, अकरा. बरं. त्यातल्या किती जणांना ते वाचता येतात? ... एकही हात नाही.

ही लिपीही एक स्क्रिप्टच आहे आणि तिचाही कधीतरी साधन म्हणून विचार झाला होता. मोडी कशासाठी? वेगासाठी. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची, मग बोरू न उचलता अक्षरं लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही, शब्द तोडायची भानगड नाही. दप्तरातल्या कारकुनाला दिवसाला ढीगभर लिहायचं असे, त्याला याहून चांगलं साधन नव्हतं. मग छपाई आली, बाळबोध लिपी सोयीची ठरली. मुंबई इलाख्यात १९१७ मध्ये सरकारने कारभारासाठी बाळबोध स्वीकारली. शाळांतून मोडी आणखी काही दशकं टिकली आणि मग शिकवणंच थांबलं. आज पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांची संख्या कोटींत मोजतात आणि ते वाचणारे फारच थोडे.

काही जण पर्लला नावं ठेवतात. 'लिहिता येते, वाचता येत नाही' असा तिच्यावरचा जुना विनोद आहे. पायथनचं कौतुक होतं, कारण तिथे ओळी आत-बाहेर सरकवून नीट मांडणं सक्तीचंच आहे, बाळबोध गिरवल्यासारखं. यात तथ्य आहे. पण मोडीचा इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. मोडी अवाचनीय नव्हती. शेकडो वर्षं ती हजारो लोक सराईतपणे वाचत होते. वाचणाऱ्यांची परंपरा होती तोवर तो कागद जिवंत होता. परंपरा तुटली आणि कागद मुका झाला. म्हणजे प्रश्न नुसता लिपी सोपी की अवघड हा नाही. आपल्यामागे वाचणारा कोण, हा आहे. पायथनलाही ते चुकलेलं नाही. तिची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे संपली आणि त्या आवृत्तीत लिहिलेल्या स्क्रिप्टा जिथे कुणी बघायला नव्हतं तिथे त्यांचेही मोडी कागद व्हायला लागले. आणि लांब कशाला, १९९० नंतर आपल्याच कार्यालयांत वेगवेगळ्या फॉण्टमध्ये टाइप केलेल्या मराठी फाइली आज उघडून बघा. तो फॉण्ट मशीनवर नसला तर पडद्यावर नुसता किरकिटा. त्या कागदांना तर शंभर वर्षंसुद्धा लागली नाहीत.

साधनांच्या इतिहासातलं पुढचं वळण इथेच येतं. ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस नावाचे भौतिकशास्त्रातले संशोधक होते. विभागातले वेगवेगळ्या जातीचे संगणक सांभाळण्याचं काम त्यांच्याकडे आलं. प्रत्येक जातीसाठी वेगळी स्क्रिप्ट, प्रत्येकीत अपवादांची गर्दी. कंटाळून १९९३ मध्ये त्यांनी 'सीएफइंजिन' केलं. त्यातला विचार असा की संगणकाला 'काय कर' हे सांगू नका, 'कसा असायला हवास' हे सांगा. आहे तसा आणि हवा तसा यातला फरक त्याचा तो बघेल आणि तेवढाच भरून काढेल.

शेतातलं उदाहरण घ्या. 'या ओळीत कपाशीचं बी टाक' ही झाली आज्ञा. चुकून दोनदा दिली तर बी दोनदा पडेल, पैसा वाया. पण 'या ओळीत इतक्या इतक्या अंतरावर एक झाड असावं' असं सांगितलं तर शहाणा माणूस काय करतो? ओळीतून चालत जातो, झाड आहे तिथे हात लावत नाही, जिथे उगवलं नाही तिथे नांग्या भरतो. दहादा सांगितलं तरी नुकसान नाही. चांगल्या साधनाचा हा गुण आहे, पुन्हा चालवलं तरी अपाय होऊ नये. आणि दुसरा फायदा त्याहून मोठा. 'कसं असावं' हे लिहिलेला कागद म्हणजे त्या जाळ्याचा सात-बाराच. नवा माणूस आला की वाचून त्याला कळतं, इथे काय असायला हवं.

याच विचारातून २००५ मध्ये पपेट आलं, २००९ मध्ये शेफ आणि २०१२ मध्ये ॲन्सिबल. ॲन्सिबल झपाट्याने पसरलं त्याचं कारण साधं होतं. दूरच्या मशीनवर आधी वेगळं काही बसवून ठेवावं लागत नाही. १९९५ मध्ये फिनलंडमधून आलेला एसएसएच हा सुरक्षित दरवाजा बहुतेक सर्व्हरवर असतोच, त्यातूनच ते आत जातं, आणि पलीकडे पायथन असलं की झालं. शिवाय त्यातल्या सूचना यादीसारख्या दिसतात. प्रोग्रॅमर नसलेल्यालाही अंदाज येतो.

"पण सर, आमच्याकडे तर विंडोज आहे." बरोबर. आपल्या बहुतेक कार्यालयांत डॉस आणि विंडोजच आलं. तिथे बॅच फाइली होत्या, कामापुरत्या. १९९६ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट आली. पण अडचण मुळातच होती. युनिक्समध्ये बहुतेक सगळं साध्या मजकुराच्या फाइलींत असतं. विंडोजमध्ये बरंच काही आत दडलेलं, माउसने टिचक्या मारत जायचं. माउसच्या टिचकीची नोंद कुठेच राहत नाही. काल काय बदललं ते आज सांगता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ मध्ये याबद्दल एक टिपण लिहिलं. विंडोजला स्वतःची, तिच्या स्वभावाला जुळणारी आज्ञांची भाषा हवी, असं त्यांचं म्हणणं. त्यातून २००६ मध्ये पॉवरशेल बाहेर पडलं. त्यातले शब्द लांब आहेत, पण आधी क्रियापद आणि मग वस्तू अशी ठरलेली शिस्त आहे. टाइप करायला कंटाळवाणं, वाचायला सोपं. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे. लिहिणारा एकदा लिहितो, वाचणारे पुढे दहा वर्षं वाचतात.

आता आपल्या मातीतलं उदाहरण सांगून शेवटाकडे येतो. १९९८ साल. त्या वर्षी १ जुलैला आपला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. त्याच वर्षी तिकडे कोल्हापूर-सांगली भागात, वारणानगर परिसरातल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावागावांत संगणक, ते साखर कारखान्याशी जोडलेले. देशभर गाजावाजा झाला. खेड्यात माहितीचा महापूर येणार, असं लोक बोलत होते.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या संशोधकांनी जाऊन पाहिलं की त्या संगणकांवर प्रत्यक्षात काय चाललंय. चाललं होतं ते मुख्यतः उसाचं काम. उसाची नोंद, किती टन गेला, खत किती घेतलं, पैसे किती निघाले. म्हणजे थोडेसे आकडे गावातून कारखान्यात आणि कारखान्यातून गावात. आणि तेवढ्यासाठी संगणक, बॅटरी, दुरुस्ती, जोडणी हा सगळा संसार! त्यांनी सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस. जुन्या व्यवस्थेतलं सगळं काम त्यावर झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना तेच जास्त पसंत पडलं.

मला यात दोन गोष्टी दिसतात. साधन निवडताना आधी काम बघा. आकडे चारच पाठवायचे असतील तर डोंगर पोखरून उंदीर काढू नका. आणि दुसरी, शेतकऱ्याला आपल्या उसाचं वजन आपल्या खिशातल्या फोनवर वाचता येऊ लागलं. वाचणारा वाढला. जी व्यवस्था वाचणारा वाढवते, तिला माया करणारी माणसंही आपोआप मिळतात.

तेव्हा आपल्या चार संगणकांच्या कंपनीने काय करावं? पपेट-शेफच्या नादी लागू नये. विंडोजमध्ये पॉवरशेल आहे, ठरल्या वेळी काम करणारा टास्क शेड्युलर आहे, तेवढं पुरे. स्क्रिप्टच्या डोक्यावर तीन-चार ओळी मराठीत लिहा. हे काय करतं, रोज केव्हा चालतं, थांबलं तर कुणाला सांगायचं. 'कुणाला' म्हणजे एका माणसाचा पत्ता नको, पदाचा द्या. माणूस जातो, सचिवाची खुर्ची राहते. काम नीट झालं तरी स्क्रिप्टने रोज निरोप पाठवावा, म्हणजे निरोप न येणं हाच इशारा ठरतो. पासवर्ड स्क्रिप्टच्या पोटात लिहू नका. आणि वर्षातून एकदा, हिशेब वर्ष संपताना, बॅकअपमधली एखादी फाइल काढून खरंच उघडते का ते बघा. ज्याने स्क्रिप्ट लिहिली त्याने नाही, दुसऱ्याने.

(श्रोत्यांमधून प्रश्न : "सर, मंग आमी शिकाव कोनतं? पॉवरशेल का पायथन?")

चांगलं विचारलंस दादा. तुझ्या कार्यालयात विंडोज आहे ना? मग आधी पॉवरशेल. उद्या दुसरीकडे गेलास की पायथन. एक नीट आली की दुसरी महिन्याभरात येते. त्याची काळजी करू नकोस. पण तू जे शिकशील ते तुझ्या बाजूच्या खुर्चीवरल्या ताईलाही शिकव. निदान वाचण्यापुरतं. तू आठ दिवस गावाला गेलास आणि तिला ती फाइल उघडून समजली, तर समज की तुझी निवड बरोबर होती. नाही समजली, तर भाषा कितीही नवी असो, तू मोडीतच लिहितोयस.

आणि ज्यांनी मघाशी हात वर केले त्यांना एक विनंती. ते कागद जपून ठेवा, ऊन-पाऊस लागू देऊ नका, मोडी जाणणाऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. कुणीतरी ते कुणीतरी वाचावेत म्हणूनच लिहिले होते.